लाइट गेली की मेन खाली

मे, दुसरा आठवडा. दुपारी ४

वारा पडलाय, अंगाची काहिली होतेय आणि पूर्वेला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग वर वर चढतायत. वळीव येणार. तो तास-दीड तासात उरकतो, पण जाताना लाइट कधीकधी सकाळपर्यंत घेऊन जातो. तेव्हा टाकी आत्ताच भरून घ्यायची, नंतर मोटर चालणार नाही. दूध तापवून ठेवायचं, मोबाइल चार्जिंगला लावायचा. दोरीवरचे कपडे आणि कठड्यावरच्या कुंड्या आत.

पत्र्यावर दगड ठेवायची आपल्याकडची खोड वाईट. वाऱ्याने पत्रा उचकटला की तोच दगड खाली कुणाच्या तरी डोक्यात. जे-हुक आवळलेले हवेत, उन्हाने कडक होऊन चिरलेले रबरी वायसर बदललेले हवेत.

आणि अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी. मेमध्ये जमीन ठणठणीत कोरडी असते, कोरड्या मातीतून करंट नीट उतरत नाही. घर बांधताना केलेलं अर्थिंग नंतर कुणी बघतच नाही.

५ वाजता

चमकलं की आकडे मोजायचे. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तिसाच्या आत गडगडलं, तर वीज दहा किलोमीटरच्या टप्प्यात आली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर असलं तर त्याच्या आधीच सूचना मिळते.

प्लग याच वेळी काढायचे, वीज डोक्यावर आल्यावर नाही. तेव्हा प्लगला हात लावणंच धोक्याचं. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटणाच्या आतली फट काही मिलिमीटरची. ढगापासून जमिनीपर्यंत हवा फोडत आलेल्या विजेला तिचं काय? टीव्हीचा प्लग काढतात आणि गच्चीवरच्या डिशची केबल तशीच राहते, मग बॉक्स त्या वाटेने जळतो. राउटरचंही तसंच. फायबरमधून वीज येत नाही, ॲडॉप्टरमधून येते.

आंघोळ आणि भांडी घासणं राहू द्यायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं, मग नळ.

५.४०

लाइट गेली. खांबावरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर चार-पाच महिन्यांची धूळ बसलेली असते, पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि त्यातून करंट वाट काढतो. उन्हाने तापलेली चिनी माती गार पाण्याने तडकते ती वेगळीच. फांद्या आहेतच. सबस्टेशनला ११ केव्हीचा फीडर, म्हणजे आपल्या भागाला वीज देणारी लाइन, ट्रिप होतो आणि तडकलेला इन्सुलेटर शोधायला लाइनमनला पावसात खांबामागून खांब बघत जावं लागतं. तक्रारीसाठी महावितरणचा १९१२. बारा आकडी ग्राहक क्रमांक मीटरबोर्डाच्या दारावर लिहून ठेवलेला बरा, अंधारात बिल सापडत नाही.

त्याआधी शेजारी बघायचं. सगळीकडे आहे आणि आपल्याकडेच नाही, तर बहुतेक ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, पडलाय. घरातला सहसा ३० मिलीअँपियरचा असतो, तेवढा करंट गळला की पडतो. बाहेरच्या दिव्यात किंवा गच्चीवरच्या सॉकेटमध्ये पाणी गेलं की तो पडणारच. सगळे एमसीबी (एकेका लाइनचे छोटे स्विच) खाली करायचे, ईएलसीबी वर करायचा, मग एकेक एमसीबी चढवत जायचा. जो चढवल्यावर ईएलसीबी पुन्हा पडेल, त्या लाइनला वायरमन येईपर्यंत हात लावायचा नाही. ओल्या हाताने तर यातलं काहीच नको.

गल्लीच अंधारात असेल तर मेन खाली. याचा कंटाळा करतात आणि नंतर फ्रिजचा बोर्ड बदलतात. डीपीवरून, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवरून, तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. वादळात न्यूट्रल तुटला किंवा त्याचा जंपर (जोडतार) सैल झाला, तर २३० व्होल्टच्या घरात ४०० च्या आसपास घुसू शकतात. आपल्याकडे बल्ब भगभगतो, त्याच वेळी शेजारी मिणमिणतो. एमसीबी ढिम्म, कारण तो जास्तीचा करंट पकडतो, व्होल्टेज नाही. एलईडी दिव्यावरूनही पटकन कळत नाही. बरेच एलईडी कमी-जास्त व्होल्टेजला सारखेच उजळतात. म्हणून एका होल्डरला जुना पिवळा बल्ब राहू द्यावा.

रात्री ९

इन्व्हर्टरचा हिशोब सरळ आहे. १२ व्होल्ट, १५० एएच (अँपियर-तास) बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. प्रत्यक्षात हाती लागतात ११०० च्या आसपास. दोन साधे पंखे १५० वॅट, चार एलईडी ३६, राउटर १०. म्हणजे साडेपाच तास, बॅटरी नवी असेल तर. तेच पंखे कमी वीज खाणारे बीएलडीसी असले तर दहा तास. मिक्सर आणि इस्त्री या हिशोबात बसत नाहीत.

फ्रिजचं दार बंद ठेवलं तर तो चार तास थंडावा धरतो, पण सारखं उघडून ‘गार आहे का’ बघणारा एकजण प्रत्येक घरात असतो. रात्र लांबली तर दूध पुन्हा उकळायचं, पातेलं परातभर पाण्यात ठेवायचं आणि वर ओला फडका टाकायचा. मेणबत्ती पाणी घातलेल्या ताटलीत, पडद्यापासून लांब.

११.२०

रस्त्यावरचा दिवा लागला. लगेच मेन वर नाही. पहिल्या काही मिनिटांत फीडर पुन्हा पडतो, लाइट ये-जा करते. दहा मिनिटं जाऊ द्यायची. मग मेन, आधी फक्त पिवळा बल्ब. नेहमीसारखा दिसला तर पंखे, मग बाकीचं, फ्रिज सगळ्यात शेवटी. कॉम्प्रेसरमधला दाब उतरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधी लाइट आली-गेली की तो अडकून घुरघुरतो आणि तापतो.

सकाळी

बॅटरी चार्ज व्हायला दहा-बारा तास लागतील, त्या खोलीची खिडकी उघडी हवी, कारण चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो. बॅटरीवरच्या तरंगत्या काडीची लाल खूण दिसत असेल तर पाणी कमी झालंय, डिस्टिल्ड वॉटर घालायचं. नळाचं नाही, आरओचंही नाही.

दूध आणायला निघताना खाली बघून चालायचं. तार पडलेली दिसली तर ती मेलेली आहे असं धरायचं नाही. दहा मीटर लांब राहायचं, काठीने सारायला जायचं नाही. ती कुंपणाच्या तारेवर पडली असेल तर ते अख्खं कुंपण तार समजायचं, आणि गुरं त्या बाजूला सोडायची नाहीत.