आमची वाटचाल : कोअरशॉपचा वायू, काचेतली झाडं

आमचं मूळ काम कोअरचं. कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांना लागणारे वाळूचे कोअर, म्हणजे ओतकामात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे आकार, आम्ही बनवून देतो. वाळूत सोडियम सिलिकेट कालवायचं, कोअरबॉक्समध्ये ठासायचं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडायचा, की काही सेकंदांत वाळू टणक होते. त्यामुळे हा वायू आमच्याकडे वडिलांच्या काळापासून आहे. बर्फ धरलेले रेग्युलेटर, झिजलेले वॉशर, साबणाच्या फेसाने गळती शोधणं, हे सगळं फिश टँकचा विचारही नव्हता तेव्हापासून अंगवळणी पडलेलं.

झाडांचा नाद वहिनींचा. त्यांच्या दोन फुटी टँकमध्ये रोटाला मॅक्रान्ड्रा होती. मूळची आपल्या दक्षिण भारतातली ही झाडं भरपूर उजेड आणि कार्बन मिळाला तर लालभडक होतात. त्यांची शेंड्याची पानं हिरवट राहायची आणि खालची गळायची. दिवे वाढवले तर शेवाळ वाढलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "भावोजी, तुमच्या शॉपातला गॅस इकडं चालंल का?" वायू चालणार होता. पण तीस किलोचं नळकांडं काही घरात आणून ठेवता येत नाही. लहान, परवडणारं आणि घरात ठेवायला सुरक्षित असं काय करता येईल, या प्रश्नातून टँकमधल्या झाडांसाठी या वायूची किट आणि सिलिंडर देणारी आमची ही दुसरी फर्म उभी राहिली.

झाडं लावलेल्या टँकमध्ये लिटरमागे साधारण ३० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड असावा असं हौशी मंडळी धरतात. नुसत्या हवेतून त्याचा अगदी थोडा भाग मिळतो. ६० लिटरच्या टँकला हिशेब केला तर १.८ ग्रॅम, म्हणजे दोन ग्रॅमही नाही! पण तेवढ्याने भागत नाही. काही झाडं घेतात, बरंचसं पृष्ठभागावरून उडून जातं, म्हणून दिवे असेतोवर वायू सतत आणि सारखा सुटायला हवा. 'सतत' आणि 'सारखा' या दोन शब्दांतच सगळा खर्च आहे.

सगळ्यात स्वस्त सुरुवात साखर आणि यीस्टची. दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत २०० ग्रॅम साखर, अर्धा चमचा यीस्ट आणि कोमट पाणी. साखर पूर्ण आंबली तर रसायनशास्त्राच्या हिशेबाने सुमारे १०० ग्रॅम वायू मिळतो. प्रत्यक्षात त्याहून कमी. पहिले काही दिवस जोरात, मग ओसरतं, दोन-तीन आठवड्यांत संपतं. एप्रिलच्या उकाड्यात बाटली धावते, डिसेंबरात झोपते, आणि रात्री ती बंद करता येत नाही. रात्री झाडं कार्बन घेत नाहीत, उलट तीही ऑक्सिजन वापरतात, म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड मारताना दिसतात. दहा-पंधरा लिटरच्या टँकसाठी, शिकायला म्हणून, ही पद्धत आम्ही आजही सांगतो. चेक व्हॉल्व्ह मात्र लावायचाच, नाहीतर बाटली थंडावली की टँकचं पाणी नळीतून मागे ओढलं जातं.

पुढची पायरी लिंबूसत्व आणि खाण्याचा सोडा. २०० ग्रॅम लिंबूसत्वाला सुमारे २६० ग्रॅम सोडा लागतो आणि त्यातून जास्तीत जास्त १३५ ग्रॅमच्या आसपास वायू निघतो. स्टीलच्या बाटलीचं किट घेतलं तर नीडल व्हॉल्व्हने बुडबुडे नेमके लावता येतात, सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारा व्हॉल्व्ह) बसवून रात्री बंदही ठेवता येतं. कॉलेजच्या मुलांना, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना, ज्यांच्या गावाजवळ सिलिंडर भरून मिळत नाही अशांना आम्ही बेधडक हेच देतो. गडहिंग्लजकडचे, कोकणातले आमचे बरेच गिऱ्हाईक यावरच सुंदर टँक चालवतात.

पण दोन फुटांच्या पुढे टँक गेला की ग्रॅमचा हिशेब बोलायला लागतो. दोन किलोच्या सिलिंडरात जेवढा वायू, तेवढ्यासाठी लिंबूसत्वाच्या पंधराएक बाटल्या लावाव्या लागतात. म्हणजे तीन किलो लिंबूसत्व आणि जवळजवळ चार किलो सोडा. तुमच्या किराणा दुकानाचा भाव लावा आणि त्याशेजारी रिफिलचा भाव ठेवा. सिलिंडर आणि रेग्युलेटर घेताना खिसा हलका होतो हे खरं, पण वर्ष-दोन वर्षांचा खर्च मांडला की मोठ्या टँकला सिलिंडरच स्वस्त पडतो. गंमत म्हणजे साखर कारखान्यांच्या पट्ट्यात डिस्टिलरीत मळी आंबवताना निघणारा वायूच दाबून सिलिंडरमध्ये भरला जातो. बाटलीतल्या यीस्टचं तेच काम, फक्त मोठ्या टाकीत.

आमचं खरं योगदान, असं आम्ही मानतो, ते एका पितळी तुकड्याचं आहे. बाहेरून येणाऱ्या मत्स्यालयाच्या रेग्युलेटरचे आटे एका मापाचे, आपल्याकडच्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हचे दुसऱ्या. लोक टेफ्लॉन टेपचे वेढे देऊन बसवायचे आणि महिन्याभरात सिलिंडर रिकामा! इथे आट्यांनी सील होतच नाही. सील करतो तो सपाट तोंडावर बसणारा नायलॉनचा वॉशर. आम्ही शिवाजी उद्यमनगरात लेथवर पितळी रॉडमधून अडॅप्टर काढून घ्यायला सुरुवात केली. तोंड आरशासारखं फेस केलेलं, वॉशरला बसायला खाच, पाना धरायला षटकोन. प्रत्येक नग पूर्ण दाबावर, पाण्यात बुडवून तपासतो. एक बुडबुडा दिसला तरी नग बाजूला. २५ अंशांना या वायूचा सिलिंडरमधला दाब ६० बारच्या वर असतो. तिथे 'चालतंय की' हा शब्द आमच्या टेबलावर चालत नाही.

नळीचंही तसंच. हवेच्या पंपाची मऊ सिलिकॉन नळी हा वायू सहज झिरपू देते. पीयू (पॉलियुरेथेन) नळी मीटरमागे थोडी महाग, पण तिचा फरक रिफिलमध्ये भरून निघतो. उलट रेग्युलेटरचा हीटर घेऊ नका. कोअरशॉपमध्ये वायूचा लोंढा लागतो म्हणून रेग्युलेटरवर बर्फ धरतो. टँकला सेकंदाला एक-दोन बुडबुडे पुरतात. तिथे बर्फ धरायचा प्रश्नच येत नाही. 'लिक्विड कार्बन' म्हणून मिळणारी बाटली कार्बन डायऑक्साइडला पर्याय म्हणून आम्ही विकत नाही. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत ग्लुटारल्डिहाइड असतं, जे दवाखान्यात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात. शेवाळ मारायला ते उपयोगी आहे, पण व्हॅलिस्नेरिया हे टँकमधलं झाड त्याने विरघळतं.

सुरक्षेबाबत आम्ही हट्टी आहोत. दोन किलो वायू म्हणजे खोलीच्या तापमानाला एक घनमीटरपेक्षा जास्त. दहा बाय दहाच्या बंद खोलीत तो सगळा सुटला तर हवेतलं प्रमाण चार टक्क्यांच्या जवळ जातं, आणि तिथून माणसाच्या जिवाला धोका सुरू होतो. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो. म्हणून झोपायच्या खोलीत टँक असेल तर आम्ही दोन किलोच्या वरचा सिलिंडर देत नाही आणि खिडकीची चौकशी करतो. अग्निशामकाचे जुने सिलिंडर स्वस्तात मिळतात, पण त्यांच्या आत तळापर्यंत जाणारी नळी असते. ती काढली नाही तर वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये घुसतो. सिलिंडरच्या खांद्यावर हायड्रोटेस्टची (पाण्याच्या दाबाने घेतलेल्या चाचणीची) तारीख ठोकलेली नसेल, किंवा पाच वर्षांपूर्वीची असेल, तर तो सिलिंडर आम्ही हातात घेत नाही. गॅस सिलिंडर नियम २०१६ चे, आणि त्यांची देखरेख करणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या स्फोटक-सुरक्षा संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात. आम्ही स्वतः भरत नाही. परवानाधारक फिलरकडूनच भरून आणतो. घरच्या घरी एका सिलिंडरातून दुसऱ्यात ओतून घेणाऱ्यांना आमची हात जोडून विनंती आहे, ते करू नका. प्रमाणाबाहेर भरलेला सिलिंडर उन्हात बंद गाडीत तापला तर काय होतं, हे फौंड्रीच्या पट्ट्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

धंदा म्हणून आम्ही किटवर फार कमावत नाही. चालतं ते अदलाबदलीवर: रिकामा आणा, टेस्ट झालेला भरलेला न्या, वजन तुमच्यासमोर. वहिनी रोपांची बाजू बघतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारतात, "कुठली झाडं लावणार?" अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन एवढंच असेल तर त्या सरळ सांगतात की वायू लागत नाही, पैसे वाचवा. तळावर झाडांचा गालिचा करायचा असेल, लाल रोटाला हवी असेल, तरच बात पुढे. ड्रॉप चेकरमध्ये (पाण्यातला वायू रंगाने दाखवणाऱ्या कुपीत) टँकचं पाणी घालायचं नाही, ४ डिकेएचचं (डिकेएच हे कार्बोनेट कठीणपणाचं माप) तयार द्रावणच घालायचं, हेही त्या प्रत्येकाला सांगतात. निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे माशांना धोका. रंग बदलायला तासभर तरी लागतो, तेवढा धीर धरायचा. वायू दिव्यांच्या तासभर आधी सुरू आणि तासभर आधीच बंद.

रिफिलला कधी यायचं हे सगळेच विचारतात. गेजवर भरवसा ठेवू नका. आत थोडाही द्रव असेतोवर काटा जवळजवळ तिथंच राहतो, आणि ३१ अंशांच्या वर तर द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही, काटा नुसता उन्हाबरोबर चढतो. वजन बघा. रिकाम्याचं वजन खांद्यावर कोरलेलं असतं. शे-दोनशे ग्रॅम उरले की या, अगदी संपेपर्यंत थांबू नका, कारण स्वस्त सिंगल स्टेज (एकाच टप्प्यात दाब उतरवणारा) रेग्युलेटर शेवटी दाब पडला की एकदम वायू सोडून देऊ शकतो आणि मासे जातात. आणताना व्हॉल्व्ह घट्ट बंद, रेग्युलेटर घरीच काढून ठेवलेला आणि सिलिंडर उभा बांधलेला असू द्या.