दिवा लागतोय म्हणजे वायर ठीक, असं मी धरलं

माझा व्हॉइस रेकॉर्डर जुना आहे. मेमरी आतच, काढता येईल असं कार्ड नाही, आणि कॉम्प्युटरला जोडायला मिनी यूएसबीची जाडसर पिन. त्यात अडीच तासांची एक मुलाखत होती आणि ती दोन दिवसांत लिहून द्यायची होती.

रात्री जेवण उरकून रेकॉर्डर जोडला. कॉम्प्युटरने नेहमीचा 'टुडुंग' आवाज केला, रेकॉर्डरचा लाल दिवा लागला आणि कोपऱ्यात सूचना उगवली की हे यूएसबी डिव्हाइस ओळखता येत नाही. विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या सगळ्या यंत्रांची यादी, उघडला, तर पिवळ्या त्रिकोणाशेजारी 'अननोन यूएसबी डिव्हाइस' आणि पुढे 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड'. प्रॉपर्टीजमध्ये बिघाडाचा कोड ४३.

दिवा लागतोय म्हणजे वायर ठीक, हे मी मनाशी पक्कं केलं आणि ड्रायव्हरच्या, म्हणजे यंत्र चालवायला विंडोजला लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मागे लागले.

रीस्टार्ट झाला. पोर्ट बदलून झाले, पुढचे दोन आणि मागचे चार. ती नोंद अनइन्स्टॉल करून पुन्हा जोडून पाहिली. त्याच यादीतल्या रूट हबच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टांच्या मुळाशी असलेल्या नोंदीच्या, प्रॉपर्टीजमध्ये वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करू देणारी एक टिकमार्क असते, ती काढली. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. फरक शून्य. मग चिडून यूएसबी होस्ट कंट्रोलरच्या, म्हणजे सगळे यूएसबी पोर्ट चालवणाऱ्या भागाच्या, सगळ्या नोंदी एकेक करून अनइन्स्टॉल करायला घेतल्या. दुसऱ्याच नोंदीला माऊसचा बाण जागच्या जागी थिजला. कीबोर्ड दाबला, तोही गप्प. साहजिकच होतं, दोघेही यूएसबीचेच! ज्या फांदीवर बसले होते तीच कापली होती. पॉवरचं बटण एकदा हलकेच दाबून विंडोज बंद केलं, परत चालू केल्यावर त्याने कंट्रोलर आपले आपण बसवून घेतले आणि माझी सत्ता मला परत मिळाली. रेकॉर्डर मात्र अननोनचा अननोनच.

एका वेबसाइटवर 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करा' असं एक सॉफ्टवेअर दिसलं. डाउनलोडच्या बटणावर बोट नेलं होतं, पण ते कोणाचं आहे याचा पत्ता लागेना, म्हणून सोडून दिलं. त्या रात्रीतला माझा एकमेव शहाणपणा.

सकाळी वाटलं, केबलही बदलून बघावी. ड्रॉवरमध्ये तसल्याच पिनची एक सापडली. लावली, दिवा लागला, रेकॉर्डर काही दिसला नाही. चला, केबलचा प्रश्न निकालात. आता रेकॉर्डरचं सर्किटच गेलं असणार, असं समजून मी पर्यायी योजना आखली: इअरफोनच्या भोकातून एक ऑडिओ वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनमध्ये घालायची आणि अडीच तासांची मुलाखत अडीच तास वाजवून परत रेकॉर्ड करायची. योजना चांगली होती. आजही कोणाचा रेकॉर्डर खरंच बिघडला तर मी हेच सांगेन, स्पीकरवर वाजवून मोबाइलने रेकॉर्ड करण्यापेक्षा आवाज कितीतरी स्वच्छ येतो.

दुपारी भाची आली. तिच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स आहे. तिने माझी मूळची केबल तिच्याकडे जोडली आणि काळ्या खिडकीत 'डीमेसेज' ही कमांड चालवली, ती लिनक्सच्या आतल्या नोंदी दाखवते. पडद्यावर इंग्रजी ओळींची रांग लागली. 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१' असं दोनचारदा, आणि त्याखाली चक्क एक प्रश्न: यूएसबी केबल खराब असेल का?

"मावशी, केबल बदललीस का?"

"बदलली की सकाळी. तरी तेच."

"तेच म्हणजे? दुसरी लावलीस तेव्हा टुडुंग झालं होतं?"

मी गप्प. आठवेचना. दुसरी केबल पुन्हा लावून बघितली, तर आवाज नाही, सूचना नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोणही नाही. फक्त दिवा. कॉम्प्युटरच्या दृष्टीने तिथे काही जोडलेलंच नव्हतं.

"मग हे तेच कसं?" ती म्हणाली. "पहिल्या केबलला कॉम्प्युटर म्हणतोय, कोणीतरी आलंय पण बोलत नाही. दुसऱ्या केबलला म्हणतोय, कोणी आलंच नाही. ही नुसती चार्जिंगची असणार."

मग तिने जे समजावलं ते मला आदल्या रात्री कळायला हवं होतं. साध्या यूएसबीत तारा चार. दोन विजेच्या, पाच व्होल्ट आणि ग्राउंड. दोन बोलण्याच्या, डी प्लस आणि डी मायनस. चपट्या प्लगच्या आत डोकावलं तर कडेच्या दोन पट्ट्या मधल्या दोघींपेक्षा लांब दिसतात, म्हणजे प्लग घुसताना आधी वीज पोचते आणि मग बोलणं. दिवा लागायला विजेच्या दोनच पुरतात. बोलण्याच्या दोघी तुटल्या असल्या तरी दिव्याचं काही अडत नाही. वायर ठीक असल्याचा माझा पुरावा एवढाच होता.

टुडुंगचंही तसंच. माझ्या रेकॉर्डरसारखं यंत्र आलंय हे कॉम्प्युटरला डी प्लस तारेवरून कळतं. यंत्राच्या आत दीड किलोओहमचा एक रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा छोटा भाग, असतो, तो ही तार वर खेचून धरतो, तेवढीच हजेरी. कीबोर्ड-माऊससारखी संथ यंत्रं डी मायनस खेचतात. हजेरी लागली की कॉम्प्युटर विचारतो, तू कोण? यंत्राने १८ बाइटचं उत्तर द्यायचं असतं, त्यात बनवणाऱ्याचा क्रमांक आणि वस्तूचा क्रमांक असतो. तो डिस्क्रिप्टर. विंडोज ड्रायव्हर शोधतं ते या क्रमांकांवरून. माझ्याकडे प्रॉपर्टीजच्या डिटेल्समध्ये व्हीआयडी (बनवणाऱ्याचा क्रमांक) ०००० आणि पीआयडी (वस्तूचा क्रमांक) ०००२ दिसत होते, म्हणजे उत्तर आलंच नव्हतं आणि विंडोजने आपल्या मनाने जागा भरली होती. पाहुण्याने नावच सांगितलं नव्हतं आणि मी रात्रभर त्याच्या नावाची चिठ्ठी शोधत बसले होते. ड्रायव्हर बदलून काय होणार कपाळ!

कोड ४३ आला की केबल खराबच, असं मात्र नाही. यंत्राचं पोर्ट ढिलं असेल, आतली चिप गेली असेल, स्वतःचा वीजपुरवठा नसलेल्या हबवर (एका पोर्टचे अनेक करणाऱ्या डबीवर) चार गोष्टी लटकवल्याने वीज कमी पडत असेल, तरी तोच कोड येऊ शकतो. पण केबल बदलायला अर्धा मिनिट लागतो. फक्त बदललेली केबल डेटाची आहे ना, हे आधी तिच्यावर दुसरं एखादं यंत्र चालवून बघायचं. मी ते केलं नाही.

तिसरी केबल जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या डब्यात निघाली. आधी तिच्यावर कॅमेरा जोडला, फोटो दिसले. मग रेकॉर्डर. टुडुंग, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पहिल्यांदाच त्याचं खरं नाव.

आणि फाइल एक्सप्लोररमध्ये काहीच नाही.

मला रडू यायचं बाकी होतं. पण आता निदान रोग वेगळा आहे हे कळत होतं, नाव सांगून झालेलं आहे म्हणजे केबल आणि रेकॉर्डर दोघेही सुटले. डिस्क मॅनेजमेंट उघडलं. तिथे रेकॉर्डरची छोटी मेमरी व्यवस्थित होती, फक्त तिला ड्राइव्हचं अक्षर नव्हतं. मागच्या महिन्यात मी नेटवर्कवरचं एक फोल्डर 'ई' अक्षरावर जोडलं होतं आणि रेकॉर्डर आजवर त्याच अक्षरावर यायचा. उजवं क्लिक करून 'आर' अक्षर दिलं. फोल्डर उघडलं, मुलाखत होती. सगळ्यात आधी तिची प्रत डेस्कटॉपवर काढली, दुसरी पेनड्राइव्हवर, मग पाणी प्यायले.

मूळची केबल कचऱ्यात टाकायला निघाले, तर भाची म्हणाली, "थांब, कापून बघू." आधी ड्रॉवरमधली कापली. आत लाल आणि काळी, बस. मग माझी, प्लगपासून बोटभर अंतरावर, जिथे ती नेहमी दुमडून मी रेकॉर्डरभोवती गुंडाळायचे. लाल, काळी, हिरवी शाबूत. पांढरी, म्हणजे डी मायनस, तिचं प्लास्टिक वरून धड होतं, पण आतला तांब्याचा तंतू तुटून दोन्ही टोकं एकमेकांपासून तांदळाच्या दाण्याएवढी लांब गेली होती.