आमची वाटचाल : एका कॉम्प्युटरवरच्या हिशेबापासून सगळ्यांच्या हिशेबापर्यंत

छोट्या ऑफिसांमध्ये हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवायचं आणि ते सगळ्या टेबलांवर एकत्र चालतं ठेवायचं, हे आमच्या फर्मचं काम. सुरुवातीला एकट्या कॉम्प्युटरवरची कामं जास्त असायची. तिथून नेटवर्ककडे आम्हाला ओढून नेलं ते पेनड्राइव्हने. बिलिंगवाला आपल्या कॉपीत बिलं करतो, अकाउंटंट दुसऱ्या कॉपीत बँकेच्या नोंदी घालतो. मग दोन वेगळ्या बिलांना एकच नंबर पडतो आणि संध्याकाळी पेनड्राइव्हवरून एकाची फाइल दुसऱ्याच्या फाइलवर चढली की त्याच्या दिवसभराच्या नोंदी जातात. यावर उपाय एकच : डेटा एकाच जागी ठेवायचा आणि सगळ्यांनी तिथेच लिहायचं.

म्हणून आजही आम्ही पहिल्यांदा डेटाची जागा ठरवतो, लायसन्स किती जणांचं घ्यायचं ते नंतर. मालकाचा लॅपटॉप या कामाला चालत नाही, कारण तो मालकाबरोबर घरी जातो. जिथे रोज बिलं छापली जातात आणि कुणीही रीस्टार्ट करतं, तो कॉम्प्युटरही नको. चार-पाच जणांसाठी एसएसडी आणि १६ जीबी रॅम असलेला साधा डेस्कटॉप पुरतो, मात्र तो वेगळा ठेवलेला आणि यूपीएसवर असावा. हाच आमचा सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचा डेटा ठेवणारा कॉम्प्युटर. स्लीप बंद करायचं, आणि नेटवर्क कार्डच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची मुभाही काढून टाकायची. जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्यांचे प्रोग्रॅम एकदम अडकत असतील तर आम्ही आधी इथेच बघतो. त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा नंबर, राउटरमध्ये राखून ठेवायचा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. तसं न केल्यास वीज जाऊन आल्यावर पत्ता बदलू शकतो आणि पत्त्याने जोडलेले सगळे कॉम्प्युटर एकदम तुटतात. साध्या विंडोजवर एका वेळी दुसऱ्या कॉम्प्युटरांकडून येणाऱ्या २० जोडण्याच चालतात. छोट्या ऑफिसला त्या पुरतात.

वायरिंगवर आम्ही हट्ट धरतो. कॅट ६ केबल आणि गिगाबिट स्विच (सगळ्या केबल एकत्र जोडणारी, १ जीबीपीएस वेगाची पेटी) लागतो, आणि डेटा लिहिणारं प्रत्येक टेबल वायरने जोडलेलं हवं. कॉम्प्युटरवर लिंक स्पीड १ जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएस दिसला तर बहुतेक वेळा कनेक्टरमध्ये एखादी तार नीट बसलेली नसते. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात. त्यामुळे कनेक्शन चालू दिसतं आणि दोष लपून राहतो.

वाय-फायला नकार देण्यामागे कारण आहे. फाइलवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डेटा सर्व्हरवर असला तरी तो लिहितो टेबलावरचा प्रोग्रॅम. एक व्हाउचर सेव्ह करताना नोंद, तिचं इंडेक्स (नोंद शोधण्याची सूची) आणि लेजरची बाकी अशा अनेक जागी लिहावं लागतं. मध्येच सिग्नल गेला तर नोंद लिहिली जाते, इंडेक्स मागे राहतं. मग यादीत व्हाउचर दिसत नाही आणि लेजरच्या बाकीत मात्र त्याची रक्कम असते. डेटाबेस सर्व्हरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिण्याचं काम सर्व्हरच करतो आणि अर्धवट व्यवहार आपोआप मागे घेतो, म्हणून तिथे हा धोका फार कमी असतो. खरेदीपूर्वी विक्रेत्याला विचारावं असा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच : लिहितं कोण, प्रोग्रॅम की सर्व्हर?

फोल्डर शेअर करताना नेटवर्क 'प्रायव्हेट' प्रकारचं आहे ना, ते आधी बघायचं. सर्व्हरवर प्रत्येक माणसाचं स्वतंत्र खातं पासवर्डसह उघडायचं. परवानग्या दोन ठिकाणी असतात, एक शेअरिंगमध्ये आणि दुसरी फोल्डरच्या सिक्युरिटीमध्ये. दोन्हींपैकी जी कडक असेल ती लागू होते. शेअरिंगमध्ये बदल करायची मुभा दिली आणि सिक्युरिटीत फक्त वाचायची राहिली, तर कंपनी, म्हणजे प्रोग्रॅममधली हिशेबाची वही, उघडते पण एकही नोंद सेव्ह होत नाही. 'एव्हरीवन'ला सगळं खुलं करून टाकणं सोपं असतं, आम्ही ते करत नाही. प्रोग्रॅममध्ये डेटाचा मार्गही ड्राइव्हच्या अक्षराने न देता सर्व्हरच्या नावाने द्यावा. अक्षर प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळं पडू शकतं, शिवाय ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलेल्या प्रोग्रॅमला ते बऱ्याचदा दिसतच नाही.

बिघाड शोधताना आम्ही लक्षणावरून जातो. आयपीने उघडतं पण नावाने नाही, तर नाव ओळखण्यात घोळ आहे. शेअर केलेलं फोल्डर दिसतं पण प्रोग्रॅमला सर्व्हर सापडत नाही, तर फायरवॉलमध्ये (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या विंडोजच्या पहारेकऱ्यामध्ये) त्या सॉफ्टवेअरचा पोर्ट, म्हणजे त्याच्या जोडणीचं ठरलेलं दार, उघडलेला नाही. अशा वेळी फायरवॉल बंद न करता तेवढा पोर्ट लोकल नेटवर्कपुरता उघडायचा. एकाच टेबलावर डेटा उघडत नसेल तर तिथली सॉफ्टवेअरची आवृत्ती जुनी आहे का ते बघायचं. सगळीकडे काम मंद असेल तर अँटिव्हायरस प्रत्येक वाचनाला डेटा फाइल तपासत असू शकतो, म्हणून तेवढं डेटा फोल्डर तपासणीतून वगळायचं. चालू डेटा क्लाउड सिंकच्या फोल्डरमध्ये कधीच ठेवायचा नाही. सिंक फाइलची प्रत बनवतं, दोघांच्या नोंदी एकत्र करत नाही, आणि पेनड्राइव्हच्या काळातला गोंधळ परत येतो.

बॅकअप रोज, सगळे बाहेर पडल्यावर, तारखेच्या नावाने घ्यायचा. कालच्यावर आजचा चढवायचा नाही, कारण बिघडलेला डेटा कधीकधी आठवड्याने लक्षात येतो. एक प्रत ऑफिसच्या बाहेर ठेवायची आणि एक अशा डिस्कवर, जी काम झालं की काढून ठेवली जाते. रॅन्समवेअर (फाइल लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर त्या कॉम्प्युटरला लिहिता येणारं प्रत्येक शेअर फोल्डर ते लॉक करतं, बॅकअपचंही. महिन्यातून एकदा बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून ताळेबंदाची बेरीज चालू डेटाशी जुळवायची. हे न करता बॅकअप आहे असं आम्ही कुठल्याच ग्राहकाला सांगत नाही.

अलीकडे मागणी वाढली आहे ती दुसऱ्या शाखेतून जोडण्याची. शेअर केलेलं फोल्डर इंटरनेटवरून उघडणं इथे उपयोगाचं नाही. एखाद्या रिपोर्टला २,००० छोटी वाचनं लागत असतील, तर लोकल नेटवर्कवर प्रत्येकी १ मिलिसेकंद धरून २ सेकंद होतात. तेच ४० मिलिसेकंद धरले तर ८० सेकंद. त्यामुळे प्रोग्रॅम मुख्य ऑफिसातच चालवायचा आणि शाखेत रिमोट डेस्कटॉपने फक्त स्क्रीन न्यायची, तीही व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या सुरक्षित खासगी जोडणीतून. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट राउटरवर थेट उघडला की पासवर्डवर सतत हल्ले सुरू होतात. विंडोज होमवर बाहेरून येणारं रिमोट डेस्कटॉप चालत नाही, प्रोवर एका वेळी एकच माणूस बसू शकतो. शाखेत दोघे काम करणार असतील तर विंडोजची सर्व्हर आवृत्ती आणि त्या दोघांची रिमोट डेस्कटॉप लायसन्स घ्यावी लागतात, आणि हा खर्च आम्ही कोटेशनमध्येच लिहून देतो.