घोट्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन आणि नंतरची रिकव्हरी – माझा अनुभव

ऑपरेशन झालं म्हटलं की सगळे एकच विचारतात, चालायला कधी लागलीस? चालणं त्यामानाने लवकर जमलं, वेळ लागला तो पायावर परत भरवसा बसायला, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही म्हणून लिहितेय.

माझा घोटा वर्षानुवर्षं मुरगळत होता, नंतर नंतर तर सपाट जमिनीवरही पाय आत वळायचा. बहुतेकांचं मुरगळणं व्यायामाने बरं होतं, मलाही आधी काही महिने फिजिओथेरपीच दिली होती, पण घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं पुढचं लिगामेंट (हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा), ज्याला एटीएफएल म्हणतात, ते पार सैल पडलं होतं. मग ब्रॉस्ट्रॉम पद्धतीने ऑपरेशन केलं. ही पद्धत १९६६ची, स्वीडनच्या लेनार्ट ब्रॉस्ट्रॉम यांची: आपलंच सैल झालेलं लिगामेंट ताणून हाडाला परत शिवायचं. १९८०मध्ये गूल्ड यांनी त्यात शेजारच्या पट्ट्याचा जादा आधार द्यायची भर घातली.

पहिले दोन आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही आणि जास्तीत जास्त वेळ छातीपेक्षा उंच ठेवायचा. हे कंटाळवाणं आहे पण ते मनापासून करा, कारण पाय खाली सोडला की मिनिटाभरात बोटं जांभळी व्हायची आणि असा ठणका लागायचा की बाथरूमपर्यंत जायचं म्हटलं तरी आधी मनाची तयारी करावी लागायची. जिन्याचा नियम पाठ करून टाका, चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि ऑपरेशनचा पाय आधी. आणि पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर लगेच डॉक्टरांना कळवा, रक्ताची गाठ असू शकते. छातीत दुखलं किंवा दम लागला तर सरळ इमर्जन्सी गाठायची.

टाके निघाले, घोटा हलू न देणारा मोठा बूट आला आणि पोटरी बघून मला खरंच रडू आलं, इतकी बारीक झाली होती. पावलाच्या वरच्या भागाला बधिरपणाही होता, तिथून जाणारी नस ऑपरेशनमध्ये दुखावते कधीकधी. माझा हळूहळू कमी झाला, अजून थोडासा आहे.

फिजिओत सुरुवातीला पाऊल फक्त वर-खाली, आत वळवायला सहा आठवडे सक्त मनाई, कारण नेमका त्याच दिशेने शिवलेल्या जागेवर ताण येतो. प्रत्येक सर्जनचा प्रोटोकॉल थोडा वेगळा असतो, त्यामुळे दुसऱ्याचं वेळापत्रक बघून आपलं ठरवू नका. मग बूट जाऊन ब्रेस, म्हणजे घोट्याला आधार देणारं वेष्टन आलं, व्यायामाचे रबर बँड आले, आणि मग खरी परीक्षा, एका पायावर उभं राहणं.

लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नसते, पाऊल कुठल्या कोनात आहे ते मेंदूला कळवणाऱ्या नसांची टोकंही त्यात असतात. सारखं मुरगळून ती खबर नीट पोचेनाशी होते आणि घोटा सावरणारे पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू उशिरा जागे होतात. शिवण घट्ट झाली म्हणून हे आपोआप सुधारत नाही, शिकवावं लागतं. भिंतीला एक बोट टेकवून उभी राहायचे तेव्हा पायाची बोटं जमीन घट्ट पकडायची, घोट्याजवळच्या शिरा थरथरताना दिसायच्या. मग बोट काढून, मग उशीवर, मग डोळे मिटून. डोळे मिटले की सगळंच नव्याने सुरू! दुखणं तोवर जवळपास थांबलेलं असतं आणि म्हणूनच बरेच जण इथे फिजिओ सोडतात, कृपा करून सोडू नका.

सगळ्यात उशिरा जमलं ते एका पायाच्या चवड्यावर टाच उचलणं. संध्याकाळची सूजही खूप महिने राहिली, मोज्याचा वळ उमटायचा, त्याला घाबरायचं कारण नाही असं फिजिओ सांगायचे.

खेळायला साधारण चार ते सहा महिने लागतात म्हणतात, पण माझ्या फिजिओनी कॅलेंडर बघितलंच नाही. एका पायावर उड्या, टाच उचलणं, तोल, सगळं दुसऱ्या पायाशी तोलून बघितलं आणि पहिल्यांदा मला नाहीच म्हणाले, उडी मारून उतरताना गुडघा आत पडत होता. आणखी काही आठवडे तेवढ्यावरच काम केलं, परत टेस्ट दिली, आणि मग ब्रेस घालून बॅडमिंटन सुरू केलं, आधी नुसते जागच्या जागी शॉट्स आणि बऱ्याच दिवसांनी पूर्ण गेम.