रिकामी पिकअप आणि पाटे

आज जांबोटीहून बेळगावला रिकामी पिकअप घेऊन आलो आणि शेजारी बसलेले बाबा चक्क झोपले; दुरुस्तीनंतर गाडी आधीसारखी आदळत नाही ना! मागचे पाटे, म्हणजे एकावर एक लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, वजनासाठीच बनवलेले, त्यामुळे गाडी रिकामी असली की खड्ड्यात मागची बाजू उडतेच. बरेच जण एक पाटा काढून टाक म्हणतात. मला नाही पटत; खताची पोती भरली की गाडी मागं बसते, पाटा मोडायची भीती वेगळीच. त्याऐवजी गाडी मिस्त्रींना दाखवली. त्यांनी बुश, म्हणजे पाट्यांच्या जोडातले रबरी तुकडे, काढून दाखवले: रबर चिरलेलं, एका बाजूला पार झिजलेलं, लोखंडाला लोखंड घासून चकाकत होतं. बुश आणि शॉकअप (हादरे शोषणारे दांडे) नवे टाकले, पाट्यांमधला गंज काढला. रिकाम्या गाडीला टायरची हवा कंपनीच्या तक्त्याप्रमाणे कमी केली. माल भरताना ती परत वाढवायची, हे मात्र विसरू नका रे.