नव्या विमानाचं तिकीट काढलं, बसवलं जुन्यात: आखूड टप्प्याचं उड्डाण धरण्याआधी एवढं बघा

तिकीट काढताना विमान दाखवलं होतं ई१९५-ई२, एम्ब्रेअर कंपनीचं नवं जेट. दोन-दोन आसनांच्या रांगा, मधलं आसनच नाही, डोक्यावरचे कप्पे ऐसपैस. त्याचसाठी पहाटेचं उड्डाण धरलं, सतराव्या रांगेतल्या खिडकीचे जादा पैसेही भरले. बसमधून उतरले तर समोर पन्नास आसनांचं सीआरजे-२००, जुनं छोटं जेट.

शिडीच्या पायथ्याशी चाकांच्या बॅगा काढून घेणं चालू होतं, कारण या विमानाच्या कप्प्यांत त्या मावत नाहीत. माझी औषधं आणि पॉवर बँक बॅगेच्या तळाशी. मागे रांग खोळंबलेली, आणि मी डांबरावर उकिडवी बसून कपड्यांच्या घड्या बाहेर काढतेय. सुटी लिथियम बॅटरी खाली सामानात ठेवता येत नाही हा नियम योग्यच आहे. पण हे गेटवर सांगितलं असतं तर? आत गेले तर सतरावी रांगच नाही! खिडकी खांद्याच्याही खाली. उतरल्यावर शिडीपाशी बॅगेची वाट बघण्यात वीस मिनिटं गेली आणि पुढचं उड्डाण हुकलं.

ई२ विमानं २०१८ पासून उडतायत, पण ताफा एका झटक्यात बदलत नाही. त्यात ई२सकट अनेक नव्या विमानांना लागणाऱ्या गिअर्ड टर्बोफॅन इंजिनांचे काही भाग ज्या धातूच्या भुकटीपासून बनतात, तिच्यातला दोष २०२३ मध्ये उघड झाला आणि तपासणीसाठी बरीच नवी विमानं जमिनीवर बसली. नवं अडकलं की त्याच्या जागी जुनं येतं. म्हणून जोडउड्डाण असेल तर मध्ये दोन तास ठेवाच. एका तासाच्या भरवशावर मी पुन्हा जाणार नाही.

आदल्या रात्री विमानाचा कोड बघा. वेळापत्रकात २९५ म्हणजे ई१९५-ई२, सीआर२ म्हणजे सीआरजे-२००. एटी७ म्हणजे पंख्यांचं एटीआर ७२, पण ते नवं की जुनं ते त्यावरून कळत नाही. उड्डाणांचा माग दाखवणाऱ्या अ‍ॅपवर एटी७६ दिसलं तर ते ७२-६००, एटी७५ म्हणजे जुनं ७२-५००. औषधं, बॅटरी आणि कागदपत्रं वेगळ्या पिशवीत, कोड काहीही असो.

दुसऱ्या दिवशीचं ७२-६०० मात्र मला मनापासून आवडलं. वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास, पण तासाभराच्या अंतराला तेवढा पुरतो. पुढच्या रांगा घेऊ नका, पंखे तिथेच घोंघावतात. प्रवाशांचं दार मागे असतं, त्यामुळे मागे बसलात तर शांतही आणि उतरायलाही आधी. जमिनीवर उभं असताना उजवं इंजिन चालू आणि त्याचा पंखा स्थिर दिसला तर घाबरू नका. या विमानाला वेगळं सहायक इंजिन नसतं, वीज आणि हवा तिथूनच येते.

परतीचे दोन्ही टप्पे नव्या विमानांत, विनातक्रार.

आसनाचे पैसे परत मागायचे तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर लेखी मागा आणि बोर्डिंग पास जपा. मी घरी येऊन मागितले, अजून मिळालेले नाहीत.