फरशीवरचे टाचे

रविवार, रात्री साडेदहा

आज मधल्या खोलीच्या फरशीवर मशीनचा दुसरा हात फिरला. घासणाऱ्या दादांनी राखाडी चिखल वायपरने मोरीकडे ओढला आणि मी दारातच उभी राहिले. करड्या सिमेंटमध्ये पांढरे, काळे आणि मधूनच विटकरी संगमरवरी चिप्स. एकोणीस-वीस वर्षं ही मोझॅकची फरशी मी पाहिलीच नव्हती. २००६ साली ताईच्या लग्नाआधी बाबांनी तिच्यावरच दोन बाय दोनच्या चकचकीत टाइल्स बसवून घेतल्या होत्या.

नवी टाइल धरावी म्हणून गवंडी जुन्या फरशीवर छिन्नीने टाचे मारतात. तेही आज स्पष्ट दिसले. बोटभर लांबीचे, तिरके, खोलीभर. बाबा वाकून बघत होते. मग हळूच म्हणाले, "मीच मारायला लावले गं." पुढे काही बोलले नाहीत. मला फार वाईट वाटलं. लग्नघरात पाहुणे येणार, घर लखलखीत दिसावं म्हणून पीएफमधून पैसे काढून केलेलं काम होतं ते. त्याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हे घर अण्णांनी, म्हणजे आजोबांनी, १९६५ साली बांधलं. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा त्यांचं बिऱ्हाड नारायण पेठेत भाड्याच्या वाड्यात होतं. नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडलेली माणसं ती. पुढे सहकारनगरात प्लॉट मिळाला. सिमेंट परमिटवर मिळायचं, म्हणून ते स्लॅबला आणि फरशीला राखून ठेवलं आणि भिंती चुन्यात उभ्या केल्या. बाबा तेव्हा चौदा वर्षांचे. शाळेतून आले की भिंतींवर पाणी मारायचं काम त्यांच्याकडे असे.

वर्षापूर्वी काम काढायचं ठरलं तेव्हा मला 'मिड-सेंच्युरी', म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यावरची घरसजावट, हा शब्द नुकताच कळला होता. सागवान, वेत, मोझॅक, निमुळत्या पायांच्या खुर्च्या. एका इंटिरियरवाल्यांकडून कोटेशन घेतलं. त्यात लाकडासारखा लॅमिनेट होता, वेताच्या जाळीसारखं छापील शीट होतं आणि फरशीला मोझॅकची डिझाइन छापलेल्या टाइल्स. त्या टाइल्स आहे त्या टाइल्सवरच चिकटवायच्या. म्हणजे खरं मोझॅक सर्वांत खाली, त्यावर बाबांच्या टाइल्स आणि त्यावर मोझॅकचं चित्र. कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. त्या दिवशी ठरवलं, नवीन काही लावायच्या आधी जे झाकलंय ते काढून बघायचं.

काढताना दाराजवळच्या नऊ फरश्या फुटल्या. तशी दहा इंची फरशी आता कुठे मिळणार, म्हणून मी हवालदिल झाले होते. आई म्हणाली, "माळ्यावर बघ, अण्णांनी उरलेल्या ठेवल्या असतील." होत्या. अकरा, सुतळीने बांधून, मध्ये पेपर घालून. उरलेल्या दोन पुन्हा तशाच बांधून ठेवल्यात.

पश्चिमेच्या भिंतीचं दुखणं जुनं. दर पावसाळ्यात पोपडे, दर दिवाळीला प्लास्टिक पेंटचा नवा हात. चुन्याच्या भिंतीवर तो पेंट म्हणजे तोंडावर हात दाबून धरण्यासारखं आहे. आतली ओल आतच कोंडते. सगळा खरवडून काढला आणि पुन्हा चुन्याचाच गिलावा केला. चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. मिस्त्रींनी रोज पाणी मारायला सांगितलं, ते काम बाबांनी आपणहून घेतलं. पंचाहत्तरीचा माणूस, सकाळी झारी घेऊन भिंतीसमोर.

जिन्यातली सिमेंटची जाळीही उघडली. प्लायवूड काढल्याबरोबर वारा घरातून आरपार गेला. पावसाचे तुषार येतात, येऊ देत.

स्वयंपाकघराला मात्र हात लावलेला नाही. आईने ओटा स्वतःच्या उंचीचा करून घेतलाय आणि तिला तो तसाच हवाय. घर एका काळाचंच दिसलं पाहिजे असं मला अजिबात वाटत नाही.

टाच्यांचं काय करायचं, दादांनी विचारलं. करडं सिमेंट आणि बारीक चिप्स भरून ते बुजवले आहेत, पण निरखून पाहिलं तर फिकट रेघा दिसतात. राहू द्या म्हटलं. फरशीला १९६५ आहे तसं २००६ही आहे.

संध्याकाळी अण्णांची खुर्ची विणून आली. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी केलेल्या सागवानी-वेताच्या खुर्च्या आता परदेशात लिलावात लाखांना जातात म्हणे. ही आमच्या गल्लीतल्या सुताराची, पण घाट त्याच काळचा. विणणाऱ्या काकांना दिसत नाही. वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजवून, भोकं बोटांनी चाचपत त्यांनी सहाकोनी जाळी विणलीय. सुकताना वेत आवळतो आणि जाळी ताठ होते. दोन दिवस बसू नका, असं त्यांनी बजावलंय. बाबांनी खुर्ची पंख्याखाली ठेवलीय आणि मघापासून दोनदा येऊन टिचकी मारून पाहिलीय.